दगडाबरोबर आलेला

शैलजा वहिनींनी मला पहिला खेकडा दाखवला तो स्टीलच्या डब्यात. दार वाजलं म्हणून उघडलं, तर त्या डब्याचं झाकण किंचित सरकवून उभ्या होत्या. आत दोन बोटं खारं पाणी आणि त्यात शेवाळी रंगाचा, सुपारीएवढा एक खेकडा पाय आवळून बसलेला.

"बाई, तुम्ही सायन्स शिकवता ना," त्या म्हणाल्या. "हा कोण आहे ते सांगा."

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवत होते. वर्षातून एकदा फळ्यावर खडूने खेकडा काढायचे. संधिपाद प्राणी, कठीण कवच, दहा पाय. पुस्तकात खेकडा एकच असतो. कुठला खेकडा, असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, खेकडाच आहे की. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की टाकीतली जनावरं कोणीतरी मारतंय, आणि ते हाच करतोय की दुसरा कोणी, एवढंच त्यांना हवं आहे. मी घाईत होते, गॅसवर कुकर होता. म्हटलं, वहिनी, संशय आहे ना, मग काढून टाका. कशाला धोका?

हे वाक्य मी किती सहज बोलून गेले.

गोष्ट नव्वद सालातली. भाईंदरच्या अलीकडे, पेणकरपाड्याच्या बाजूला आमची चार मजल्यांची इमारत तेव्हा नवी होती. आम्ही गिरगावातून आलो होतो, मयेकर परळमधून. मागे मिठागरं, पुढे चिखल, पाणी टँकरचं. तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. वहिनी भाईंदरला एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायचं काम करत. विजेवरचं पेनासारखं मशीन हातात धरून स्टीलच्या ताटल्या-तांब्यांवर अक्षरं कोरायची. दिवसभर मशीन थरथरायचं, त्यामुळे संध्याकाळी चहाचा कप धरला तरी त्यांच्या बोटांत एक बारीक कंप असे. कोणतीही वस्तू त्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून बघत, माणसाचा चेहरासुद्धा तसाच बघतील असं वाटे. आमच्याकडे जेवायला बसल्या की आधी ताट उलटं करून नाव वाचत आणि सांगत, "कुलकर्णीतला रफार घातलाच नाहीये यांनी." गिऱ्हाईकाला दोनदा विचारल्याशिवाय त्या नाव घालत नसत. ह्रस्व की दीर्घ, नवऱ्याचं नाव आधी की आडनाव. दुकानाचा शेठ वैतागायचा. "बेन, लिख डालो ना," म्हणायचा. त्या म्हणायच्या, "सेठ, एक बार लिखा तो मिटता नहीं."

त्यांचे यजमान दत्ताराम मयेकर मालवाहू जहाजावर इंजिनच्या खोलीत कामाला होते. मोठं परदेशी जहाज नव्हे, आपल्याच किनाऱ्याने बेटांपर्यंत जाणारं छोटं. आठ-नऊ महिन्यांनी येत, तीन आठवडे राहत. खाऱ्या पाण्याची टाकी त्यांनी बनवलेली. काच स्वतः कापून, चिकटवून, हॉलची एक अख्खी भिंत अडवून. येताना ते ओल्या गोणपाटात गुंडाळून समुद्रातले दगड आणायचे. साधे दगड नव्हेत; छिद्रांचे, जिवंत, अंगावर जांभळे थर असलेले. टाकीत ठेवले की आठवड्याभरात त्यांतून काहीबाही उगवायचं, हलायला लागायचं. न बोलावता आलेले पाहुणे, असं मयेकर म्हणत आणि लहान मुलासारखे टाकीसमोर उकिडवे बसत. एक भगव्या पट्ट्यांचा मासा, चार निळे, एक पाण्यातलं फूल म्हणावं असं जनावर, गोगलगाई. आमचा मजला ती टाकी बघायला जमायचा.

एकोणनव्वदच्या दिवाळीला त्यांनी शेवटचा दगड आणला. नारळाएवढा, मध्ये खोल बीळ असलेला. अठरा दिवस राहून ते गेले. पुढल्या मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्याआधीच्या अखेरच्या फेरीत, ते जहाज बंदरात पोचलंच नाही. अकरा माणसं होती. कंपनीच्या कचेरीतून पत्र आलं, त्यात एक शब्द होता: बेपत्ता. फळकूट नाही, कपडा नाही, काही नाही.

वहिनी रडल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात कामावर गेल्या. फक्त 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी भांडी आली की ती त्या शेजारच्या मुलीकडे सरकवत. आणि घरी आल्या की टाकीसमोर पाण्याचा रिकामा कॅन पालथा घालून त्यावर बसत. मूल नव्हतं त्यांना. टाकी जशी आहे तशी राहिली पाहिजे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. दर रविवारी भाईंदरला जाऊन तिथून उत्तनची बस पकडायची, पालीच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी दोन कॅनमध्ये भरायचं आणि परत यायचं. इमारतीत गोडं पाणी दिवसाआड, आणि ही बाई समुद्राचं पाणी तीन जिने चढवतेय, म्हणून लोक कुजबुजत. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत.

वीज गेली की हवेचा पंप बंद पडे आणि मासे वर येऊन तोंडं उघडत. तेव्हा त्या पेल्याने पाणी उचलून उंचावरून टाकीत ओतत बसत, म्हणजे हवा मिसळते. पेला भरायचा, ओतायचा. एकदा सकाळी गेलेली वीज दुपारी चारला आली. तोवर त्यांनी हात थांबवला नव्हता. मी मध्ये तासभर ओतलं तेव्हा माझा खांदा भरून आला. त्यांना म्हटलं, जरा टेका. त्या म्हणाल्या, "हे आल्यावर काय दाखवू?"

मग गणपतीच्या सुमाराला टाकीत मरायला सुरुवात झाली. आधी गोगलगाई. सकाळी नुसते शंख पडलेले, कडा फोडलेल्या. मग एका निळ्या माशाची शेपटी कुरतडलेली, दोन दिवसांनी तो मासाच नाही. वहिनींना दगडात दोन खेकडे दिसले होते, आणि तिसऱ्याची शंका होती. त्यातला एक, तो शेवाळी, काचेच्या ग्लासात सापडला. ग्लास दगडाला तिरका टेकवून आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा. खेकडा वासाने आत उतरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला परत चढता येत नाही. ही युक्ती त्यांची स्वतःची. आणि तोच डब्यात घालून त्या माझ्या दाराशी आल्या होत्या.

माझं ऐकून त्यांनी त्याला उकळत्या पाण्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा निळा मासा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते फुलासारखं जनावर अर्धं फाटलेलं. वहिनींनी मग उकडलेला खेकडा, लाल झालेला, कापसात गुंडाळला आणि रजा टाकून मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेल्या. मी ओळखीतून चिठ्ठी दिली होती. प्राध्यापकांनी भिंगाखाली बघितलं, कुळाचं लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाले की हा तर शेवाळ खाणारा, बिचारा निरुपद्रवी. याच्या नांग्यांची, म्हणजे पुढच्या नखांची, टोकं चमच्यासारखी खोलगट आहेत, याने मासा मारणं शक्यच नाही. दुसऱ्याचं वहिनींनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की तोही असाच घेऊन या. जिवंत नको, मारून, औषधात बुडवून आणा; म्हणजे नक्की सांगता येईल.

परत आल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"मेल्यावर सांगतात, बाई," त्या म्हणाल्या. "आधी मारा, मग कोण होता ते सांगतो म्हणतात."

दोन दिवस त्या कामावर गेल्या नाहीत. तो लाल खेकडा त्यांनी टाकून दिला नाही, खिडकीत वाळायला ठेवला. माझ्यावर त्यांनी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर पालीला गेले. तिथे फिलूमावशी म्हणून एक म्हातारी कोळीण वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसायची; पाणी भरायला जाता-येता वहिनींची ओळख झालेली. वहिनींनी वाळलेला खेकडा तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं की जिवंत असताना कसं ओळखायचं. मावशीने तो उचलला, पाठीकडून दोन बोटांत धरला.

"पाठ कशाला बघते? नखां बघ," ती म्हणाली. "चमच्यासारी नखां, त्यो शेवाल खानारा. काली न टोकदार नखां, त्यो फोरून खानारा. वर अंगावर केस हान तर त्याला घरान ठेवू नको. आख्खा घर खाईल."

वहिनींनी विचारलं, त्याचं नाव काय?

"नाव न्हाय," मावशी म्हणाली. "कामावरनं कललं मंजे झालं."

मारणारा दिवसा बाहेर येत नव्हता आणि रात्री जागावं तर पहाटेपासून वहिनींना पाण्याची रांग, मग काम. तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघींनी खिडक्यांना चादरी-ब्लँकेटं ठोकली, दाराच्या फटीत पोतं दाबलं आणि टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळून अंधारात बसलो. उकाडा असा की घाम हनुवटीवरून टपटपत होता. आधी दिसला तो दुसरा खेकडा, चपटा, नखाएवढा. दगडाला चिकटून दोन पिसांचे पंखे पाण्यात फिरवत होता, जणू पाणी विंचरतोय. वहिनी काचेला नाक लावून मोजत होत्या. "आठच पाय आहेत याला, बाई," त्या कुजबुजल्या. "तुमच्या पुस्तकात दहा." एकेकाला अशी सवड देऊन बघायला त्या आता शिकल्या होत्या. उशीर झाला होता, तरी शिकल्या होत्या.

तास गेला असेल. मग नारळाएवढ्या दगडाच्या बिळात दोन तांबूस डोळे दिसले. एक पाय बाहेर आला, त्यावर राठ केस. मग नख. टोकाशी काळं, जणू शाईत बुडवलेलं. तो पूर्ण बाहेर आला तेव्हा पेढ्याएवढा होता. त्याने सावकाश जाऊन एक गोगलगाय उचलली आणि तिच्या शंखाची कड फोडायला लागला. काचेतून आवाज आला, टक, टक. खरंच आला की मला वाटलं, सांगता येत नाही.

मी म्हटलं, सापडला. आता दगड उचलायचा, बिळात गरम पाणी सोडायचं, संपलं.

वहिनींनी टॉर्च विझवला. मग अंधारातूनच म्हणाल्या, "हा त्यांच्या शेवटच्या दगडातून आलाय."

पितृपक्षात त्यांचा दीर वामन गावाहून आला. भला माणूस होता. आईने अंथरूण धरलंय, तिचं एकच मागणं आहे, असं त्याने सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं. देह मिळाला नाही तरी शास्त्रात दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची सोय आहे. ती करून टाकू, दादाला गती मिळेल आणि आईला शांतपणे डोळे मिटता येतील. वहिनींनी त्याला जेवायला वाढलं, पान पुसून दिलं, आणि नाही म्हणाल्या. ज्याचं काहीच दिसलं नाही त्याचं काय करायचं, एवढंच बोलल्या. वामन रात्रीच्या गाडीने परत गेला.

त्याच आठवड्यात त्यांनी टाकीतून खेकडा सोडून बाकी सगळं काढलं. उरलेले मासे आणि तो पाणी विंचरणारा, भाईंदरच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे खाऱ्या पाण्याची छोटी टाकी होती, तिथे देऊन आल्या. आणि त्या एवढ्या मोठ्या टाकीत एक दगड आणि एक खेकडा ठेवला. मला राग आला. मी विचारलं, ज्याने सगळं मारलं त्याला पोसायचं?

"दुसरं काय उरलंय त्यांच्या हातचं?" त्या म्हणाल्या.

तीन वर्षं त्यांनी त्याला पोसलं. बोंबलाचा तुकडा, तिसऱ्यांचे शिंपले, कधी कोळंबीचं डोकं. स्वतः मात्र मासे खायचे सोडले. तो लिंबाएवढा झाला. पावलाचा आवाज ओळखून बिळातून पुढे यायचा, असं त्या सांगत. मला ते खरं वाटत नसे, पण मी मान हलवायचे. या तीन वर्षांत त्या वाळत गेल्या. डोळ्यांखाली काळं आलं. झोप लागत नाही, आडवं झालं की इंजिनाचा आवाज येतो, म्हणायच्या. दुकानात एकदा त्यांच्या हातून एका लग्नाच्या ताटावर नाव चुकलं. तोवरची पहिली चूक. शेठने त्यांना घरी पाठवलं. त्या मला जिन्यात भेटल्या तेव्हा आपली बोटं बघत होत्या, दुसऱ्या कोणाची असावीत तशी.

त्र्याण्णवच्या श्रावणातली गोष्ट. एका सकाळी त्यांनी माझं दार उघडंच होतं तरी वाजवलं.

"गेला," म्हणाल्या.

बिळासमोर वाळूवर तो उताणा पडला होता, पाय पसरून. वहिनी टाकीसमोर खाली बसल्या आणि रडायला लागल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो आवाज ऐकून सगळा मजला जमा झाला. कोणीच टाकीकडे बघितलं नाही, सगळ्यांना कळत होतं त्या कोणासाठी रडतायत. शेजारच्या काकूंनी त्यांना छातीशी धरलं. दुपारी त्या स्वतःच म्हणाल्या की वामनभावोजींना कळवा, जे करायचं ते करू या.

मला म्हणाल्या, त्याला बाहेर काढा, मला बघवत नाही. मी बाही वर करून हात घातला. हाताला काही लागलंच नाही. फुंकरीने उडेल इतकं हलकं. पाठीमागून सरळ फाटलेलं, आत रिकामं. पाय, नखं, केस, डोळ्यांवरची चकती, सगळं जिथल्या तिथे, आणि आत कोणी नाही. त्याने कात टाकली होती. याआधीही टाकली असेल, बिळातल्या बिळात. बाहेर दिसली ती या वेळी. हे मात्र मी दरवर्षी शिकवत होते. वाढ होताना कठीण कवच टाकून द्यावं लागतं, नवं कवच मऊ असतं, म्हणून प्राणी काही दिवस लपून राहतो. परीक्षेत दोन मार्कांना विचारायचे.

मागे वळून बघितलं तर वहिनी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, लहान मुलीसारख्या. मी ती कात रुमालात गुंडाळली आणि घरी नेली. कोणाला काही बोलले नाही.

पाच दिवस मी बोलले नाही. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज त्यांच्याकडे जायचे तर त्या झोपून उठलेल्या असायच्या किंवा झोपायला निघालेल्या. चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला होता. वामनचा निरोप आला की तो शनिवारी न्यायला येतोय. पंप बंद करा, असं काकू म्हणाल्या तेव्हा मात्र मी म्हटलं, राहू दे, वास मारेल. तेवढंच केलं.

शुक्रवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या. मी ओळखलं.

"तो बिळात आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

त्यांनी मला वीतभर अंतरावरून बघावं तसं बघितलं. मी वाट बघत होते की त्या काहीतरी बोलतील, शिव्या देतील, दार आपटतील. आता पुन्हा नाही म्हणतील, पुन्हा कॅनवर बसतील, आणि ती सगळी वर्षं नव्याने सुरू होतील, असं मला वाटलं.

"पाच दिवस झोपले मी, बाई," त्या म्हणाल्या. "ते गेले असं धरलं आणि झोप आली." मग म्हणाल्या, "हा जिवंत निघाला म्हणून ते निघतील असं नाही ना?"

मी मान हलवली. नाही.

"मग जाऊन येते. त्यांचं करून येते."

शनिवारी त्या वामनबरोबर गेल्या. जाताना खेकडा माझ्या स्वाधीन केला, दगडासकट. टाकी मोठी, मला झेपली नसती, म्हणून प्लास्टिकच्या टबात ठेवला. पंप लावून दिला, खाणं समजावून सांगितलं. क्रियेनंतर सासूबाईंचं दुखणं वाढलं, त्यांना टाकून येता येईना. पंधरा दिवसांचे महिने झाले. दुकान सुटलं. फ्लॅटला कुलूप.

खेकडा माझ्याकडे एकोणीस दिवस जगला. मी पाणी बदललं, बहुधा एकदम जास्त बदललं. एका सकाळी तो उताणा होता. या वेळी मी आधी पाठ बघितली. फाटलेली नव्हती. हाताला जड लागला. मी तासभर तसाच हातात धरून बसले होते, शाळेला उशीर झाला. वहिनींना पत्र लिहायला घेतलं, दोनदा, आणि फाडलं.

पुढल्या मे महिन्यात मी त्यांच्या गावी गेले, सांगायलाच. सासूबाई खाटेवर होत्या, वहिनी त्यांना भरवत होत्या. कपाळ मोकळं होतं. खूप बारीक झाल्या होत्या, पण डोळे शांत होते. मला बघून उठल्या, हात धुतले, आणि पहिला प्रश्न तोच.

"कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. "खातो."

त्यांनी डोळे मिटून घेतले, क्षणभरच. मग मला सोलकढी दिली, आंबे बांधून दिले, संध्याकाळी एसटीपर्यंत पोचवायला आल्या. मी खिडकीजवळ बसले. इंजिन सुरू झालं तशा त्या काहीतरी आठवून खिडकीखाली आल्या आणि म्हणाल्या, पाणी एकदम बदलू नका, थोडं थोडं बदला. मी हो म्हटलं. गाडी हलली. त्या बरोबरीने चालू लागल्या, एक हात वर करून, अंगठा आणि बोट यांत जरासं अंतर ठेवून दाखवत होत्या, एवढंच, एका वेळी एवढंच. गाडीने वेग घेतला तरी तो हात खाली आला नाही. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या तेव्हाही त्या मला तेच दाखवत होत्या आणि मी मान डोलावत होते.